वाट्याचं दूध

आमच्या घरी पाहुण्याने चहा मागावा, जेवण मागावं, चार दिवस मुक्काम ठोकावा, पण गाय किती दूध देते हे विचारू नये. विचारलंच तर निम्मा आकडा सांगायचा, आणि तोही तोंड वाकडं करून, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की यांचं काही खरं नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला हे कोण सांगणार? माझं माहेर कोरीटचं. घरी दोन गावठी गायी, त्या किती देतात ते अख्ख्या गल्लीला पाठ. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात नणदेच्या सासरचं कुणीतरी आलं आणि मी खरा आकडा सांगून मोकळी झाले. पाहुणे फाटकाबाहेर पडले न पडले तोच सासू मिरच्या आणि मीठ घेऊन गोठ्यात. गाईंवरून उतरवून मिरच्या चुलीत टाकल्या, ठसका आला नाही. "दखं ना, लागनी नजर," सासू म्हणाली. मिरच्या ओल्या होत्या असं माझ्या ओठावर आलं होतं, पण नवी नवरी होते, गिळलं.

हे वळण घराला सासऱ्यांनी लावलेलं. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. आमचं गाव तापीच्या काठचं, प्रकाशा गावाच्या अलीकडे, केळी आणि उसाचं. दादांनी केळीचा एक पट्टा मोडला आणि तिथे गोठा बांधला. थेट पंजाबात जाऊन एचएफ जातीची विलायती गाय आणली, साधीसुधी नाही, नोंदणीची. कानात बिल्ला, आई कोण, आजी कोण, बाप कोण, सगळं लिहिलेलं. तिला घरात मोठी म्हणतात. आज गोठ्यात उभ्या असलेल्या बहुतेक गायी मोठीच्या लेकी आणि नाती आहेत, आणि त्यांच्या कालवडी घ्यायला पार शिरपूरकडून माणसं येतात. मोठीच्या पणजीला कुठल्या वळूपासून दिवस गेले ते दादा झोपेतून उठवलं तरी सांगतील. माझ्या आईचं माहेर कुठलं ते मात्र त्यांना अजून सांगता येत नाही.

माणूस वाईट नाही, पण संशय रक्तात. रेतन करायला डॉक्टर आला की वळूच्या वीर्याची कांडी आधी दादांच्या हातात द्यायची. चष्मा लावून तिच्यावरचं बारीक अक्षर वाचणार, उजेडात धरून परत वाचणार, मगच डॉक्टरने गाईला हात लावायचा. पेंडीच्या खोलीला कुलूप, दुधाच्या खोलीला कुलूप, किल्ल्या करदोड्याला. मी एकदा नवऱ्याला म्हटलं, तुमच्या घरात कुलपालासुद्धा कुलूप आहे. तो हसला नाही. त्याचंही बालपण त्याच किल्ल्यांच्या आवाजात गेलेलं.

आणि गमबूट. दादा कधीतरी कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले होते. तिथे त्यांना सांगितलं की बाहेरची घाण पायाने गोठ्यात येते आणि खुरांचे रोग होतात. तेव्हापासून गोठ्यात अनवाणी पाय चालत नाही. दाराशी रबरी बुटांची रांग, ज्याचे त्याचे वेगळे. माझ्या सासूसारखी बाई, जी लग्नातसुद्धा चप्पल काढून मिरवते, तीही गोठ्यात जाताना लुगडं वर खोचून गमबूट चढवायची. गाव हसायचं. दादांना वाटायचं, जळतात.

आता बाईचं सांगते. धार काढायला आमच्याकडे धडगावकडचं एक जोडपं होतं, पावरा आदिवासी. गोठ्याला लागून खोलीत ती दोघं आणि त्यांची मुलगी. नवरा वैरण, मुरघास, शेण बघायचा, आणि ती धार काढायची. आम्ही तिला नुसतं बाईच म्हणायचो. नवऱ्याशी पावरीत बोलायची, आमच्याशी अहिराणीत, आणि मोठीशी कशात बोलायची देव जाणे. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत कासेला हात लावला की मोठी डोळे मिटून पान्हा सोडायची. दादांच्या हाताला ती तसा सोडत नसे. हे दादांना आवडत नसे, पण दुधाकडे बघून ते गप्प राहायचे.

आमच्याकडे धार काढणाऱ्याला रोज सकाळी वाट्याचं दूध असतं. पगार वेगळा, हे वेगळं. हा आमच्याच घरचा नाही, इकडचा रिवाजच आहे. ज्याच्या हाताने दूध निघतं, त्याच्या चुलीवर दूध तापलं पाहिजे, नाहीतर गाय आटते म्हणतात. बाईकडे कडीचा एक छोटा स्टीलचा डबा होता. सकाळची धार झाली की दादा स्वतः त्यात दूध ओतून द्यायचे. ओतताना मात्र वर बघायचे नाहीत, डब्याकडे बघायचे. बाई डब्याला झाकण लावायची आणि जायची.

होळी आली की ही माणसं डोंगरावर घरी जातात. होळीआधी भरणारा भोंगऱ्या बाजार, होळी, नाचणं. त्या दिवसांत त्यांना कुणी सोन्याच्या नाण्यांनी थांबवलं तरी थांबायची नाहीत, आणि का थांबावं? पण आमच्या घरात होळीच्या आधी पंधरा दिवसांपासून दादांचं सुरू व्हायचं. हे परत येतील का? जास्त पगार देऊन यांना कुणी फोडलं तर नाही? "हाई लोके होळीले जातस, आन् मन्हा गोठा देवना भरवसे ऱ्हास," असं म्हणत घरभर फिरायचे. बाई दर वर्षी परत यायची. तरी दर वर्षी हेच.

शेवटी एका होळीला, ती दोघं डोंगरावर असताना, दादांनी धार काढायचं मशीन आणलं. आणायचं कारण तेच: कुणावर अवलंबून नको. शहाद्याहून वायरमन आला. त्याने मोटर बसवली, गोठ्यातल्या लोखंडी पाइपाच्या कडेने वायर नेली आणि म्हणाला, दादा, अर्थिंगचा खड्डा घ्यावा लागेल. खोल खड्डा, तांब्याची पट्टी, वर कोळसा आणि मीठ. मी चहा घेऊन उभी होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. मीठ म्हटल्याबरोबर दादांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्या बिचाऱ्याच्या हातातली पक्कड खाली गेली.

"मीठ टाकाले हाई लोनचं शे का?" दादा म्हणाले.

वायरमनने समजावलं. जितकं समजावलं तितकं दादांचं पक्कं होत गेलं की हा लुटायला बसलाय. तांबं म्हटलं म्हणजे तर झालंच. त्याला हिशेब चुकता करून पाठवून दिलं, आणि खड्डा राहिला. त्या संध्याकाळी दादा खूश होते. आपण एकाची चोरी पकडली, असं जेवताना दोनदा म्हणाले.

उन्हाळाभर मशीन छान चाललं. बाई परत आली, तिने मशीन बघितलं. आठ दिवसांत शिकली. मशीन लावणं, काढणं, धुणं, सगळं तीच करायला लागली. फक्त मोठीची शेवटची धार ती हातानेच काढायची, सवयीने.

पावसाळा लागला, भिंती ओल्या झाल्या, आणि मोठी बिघडली. गोठ्यात पहिली जागा मानाची, ती मोठीची. मोटरच्या अगदी जवळची. त्या जागेवर ती जायलाच बघेना. आत आणलं तर पाय नाचवायची, एक उचल, दुसरा उचल. मशीन लावलं की लाथ. आणि पाणी तर तोंड घालून पिईना. लोखंडी हौदाशी जायची, जिभेने कुत्र्यासारखं लपलप चाटायची, की मान मागे. तहानलेली गाय हौदापाशी उभी आणि पाणी पीत नाही, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. दूध रोज कमी होत गेलं. इतर गायींचंही कमी, पण मोठीचं डोळ्यांदेखत.

मग आमच्या घरात जे सुरू झालं त्याला साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात. सासूचं म्हणणं नजर. तिने मोठीच्या गळ्यात काळा दोरा, दारावर काळी बाहुली, जुनी चप्पल, सगळं टांगलं. नवऱ्याला वाटलं डेअरीवाला मापात मारतो. तो दोन दिवस संकलन केंद्रावर त्या पोराच्या मानेवर बसून राहिला. मला सरकीच्या पेंडीचा संशय आला. मी शहाद्याला जाऊन पेंडवाल्याशी भांडले, त्याच्या दुकानात त्याच्यासमोर पेंड तोडून चावून बघितली आणि थुंकली. तो म्हणाला, ताई, एवढं माझी बायकोसुद्धा बोलत नाही. पेंड चांगली होती. डॉक्टरने कास तपासली, रक्त तपासलं, औषधं दिली, काही निघालं नाही. डॉक्टर गेल्यावर दादा म्हणाले, याला काही सापडत नाही म्हणजे हाच काहीतरी लपवतोय.

असं करत करत एकेक माणूस संपलं, आणि घरात बाहेरचं कुणी उरलं नाही बाईशिवाय.

बाईने तोवर एक गोष्ट ताडली होती. ती मला एका दुपारी म्हणाली, "भाभी, मोठीले गोठामा बरं नही वाटस. बाहेर नीमखाले बरी ऱ्हास." मी विचारलं, का गं? तिला ते माहीत नव्हतं. तिने खांदे उडवले. बाहेर मातीत बांधली की पाय नाचवत नाही, बादलीतलं पाणी पिते, एवढंच ती सांगत होती. मी हे जेवताना दादांना सांगितलं. दादांचा घास हातात राहिला. "मशीन उनं म्हनीसन हिना पोटमा दुखी ऱ्हायनं," ते म्हणाले.

त्यांचं गणित असं होतं. मशीन आलं, आता बाईची गरज राहणार नाही, हे बाईला कळलंय. म्हणून ती मशीनला बदनाम करतेय. गोठ्यात मोठीला काहीतरी करते, टोचते, मारते, कोण जाणे, आणि बाहेर नेऊन हाताने काढून दाखवते की बघा, माझ्याच हाताला देते. ऐकताना मला राग आला, पण खोटं कशाला बोलू, गणित बसत होतं. सगळ्यात वाईट गोष्ट हीच की ते बसत होतं.

दादांनी बाईला सांगितलं, मोठीला बाहेर न्यायचं नाही. बाईने मान हलवली. पण मोठीची कास ताठरली होती, दूध आत राहिलं तर दगडी होते, कास सुजून घट्ट होते हे तिला माहीत होतं, आणि तिला ते बघवेना. पहाटे, घर उठायच्या आधी, ती मोठीला निंबाखाली न्यायची, धार काढायची, दूध मोठ्या कॅनमध्ये टाकायची आणि मोठीला परत जागेवर बांधायची. आम्हाला एवढंच दिसत होतं की मोठीचं दूध जरा वाढलंय. दादांनी ते मशीनच्या खात्यावर धरलं.

सासूने बघितलं. ती परसात निघाली होती, फटफटत होतं, निंबाखाली बाई गाईला बसली होती आणि शेजारी तो कडीचा छोटा डबा. सासूने आरडाओरड केली नाही. आत येऊन दादांना हलवलं. दादा उठले ते बूट न घालता चपलेवरच गेले. आवाज ऐकून आम्ही दोघं मागून. बाईचा नवरा शेणाची पाटी डोक्यावर घेऊन तिथेच उभा राहिला.

"डबा उघाड," दादा म्हणाले.

बाईने डब्याकडे बघितलं, मग दादांकडे. "मन्हा वाटाना दूध शे, शेठ. काल्हना. रातले पोरी पेनी नही, म्हनीसन मोठीनी वासरीले पाजाले आनं." आदल्या दिवशीचं तिच्या वाट्याचं दूध. तिची मुलगी तापाने फणफणली होती, प्यायली नव्हती. आणि मोठीची वासरी लहान होती, तिला भूक लागत होती, कारण पहाटेची धार कॅनमध्ये जायची आणि गोठ्यात आईला पान्हाच येत नव्हता. म्हणून ती आपलं दूध गाईच्या पोरीला पाजायला घेऊन आली होती.

असं कुणी करतं का? हा दादांचा प्रश्न होता, आणि त्यांच्या जागी उभं राहिलं तर तो खरा होता. कुणी स्वतःचं दूध मालकाच्या वासराला पाजत नाही. दादांनी डबा घेतला, झाकण काढलं, आणि सगळ्यांच्या समोर ते दूध मोठ्या कॅनमध्ये ओतलं. डबा उपडा करून दोनदा झटकला. मग तो बाईच्या हातात दिला. "वाटा मी देस. तू आपला हाते लेवाना नही," ते म्हणाले. चोर हा शब्द त्यांनी वापरला नाही. पण केंद्रावर दूध न्यायला आलेल्या टेम्पोवाल्याला दोन तासांनी त्यांनी तो वापरला, आणि मग काय राहिलं?

टेम्पो गेला. मग बाईचा नवरा बोलला. दादांसमोर येऊन, अगदी हळू. "तुम्ही चोर म्हनं. आते ह्या पट्टामा आमले कोन काम दी?" ते खरं होतं. आमच्याकडे गोठ्यावरच्या माणसाची कुंडली टेम्पोबरोबर फिरते. अमक्याकडे चोरी केली, एवढं वाक्य पुरतं. शहाद्यापासून तळोद्यापर्यंत कुणी खोली देत नाही. तिची मुलगी इथल्या शाळेत होती. काम गेलं तर ती शाळा सुटणार, आणि तिघंही उसतोडीला गुजरातेत. बाईकडे तिच्या नावाशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि ते त्या सकाळी कॅनमध्ये ओतलं गेलं.

दसऱ्याच्या आधी दादांनी त्यांचा हिशेब केला आणि ती तिघं गेली. जाताना बाई मोठीपाशी गेली नाही. मला वाटलं होतं जाईल. सरळ फाटकातून बाहेर, मुलीचा हात धरून. दुसऱ्या एका गोठ्यावर त्यांनी काम विचारलं, आणि तिथल्या मालकाने दादांना फोन केला. मी शेजारच्या खोलीत होते. दादा म्हणाले, "मी काय सांगू? तुम्ही जानं." एवढंच. पण त्या एवढंचमध्ये सगळं होतं. मी त्या दिवशी दादांना जेवण वाढलं नाही, सासूला वाढायला सांगितलं.

बाई गेल्यावर चोरी थांबली असती तर दूध वाढायला हवं होतं. उलट झालं. मोठीला आता बाहेर नेणारं कुणी नव्हतं. तिची हाडं दिसायला लागली. दादा रोज तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे आणि मध्येच मागे वळून बघायचे, जणू कुणीतरी अजून आहेच.

मग आली वसुबारस. या दिवशी आमच्याकडे बायका दूधतूप खात नाहीत आणि संध्याकाळी गाय-वासराची पूजा करतात. एरवी पूजा सासू करते. त्या वर्षी तिचे गुडघे धरले होते, आणि दादा म्हणाले, मोठीची पूजा मी करतो. गोठा धुऊन काढला होता, फरशी ओली. आणि पूजा बूट घालून करतात का? दादांनी दाराशी गमबूट काढले. इतक्या वर्षांत मी त्यांचे पाय गोठ्यात पहिल्यांदा पाहिले. पांढरे फटक, पाण्यात राहिल्यासारखे. मीही चप्पल काढली. दादांनी मोठीच्या पायांवर तांब्याने पाणी घातलं, कपाळाला हळदकुंकू लावलं, आणि खुरांना हात लावायला वाकताना आधाराला ओल्या हाताने समोरचा लोखंडी पाइप धरला.

ताट उडालं. करंजी, दिवा, कुंकू, सगळं फरशीवर. दादा खाली बसले ते बसलेच, आणि त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल तर मागे बघितलं. "कोन शे रे मांगे?" म्हणाले. मागे कुणीही नव्हतं.

मी जवळ होते. मी पाइपाला बोट लावलं. कोपरापर्यंत मुंग्या. दाराशी जाऊन चप्पल घातली, परत बोट लावलं, काही नाही. चप्पल काढली, मुंग्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उतरलं. आम्ही सगळे रबर घालून फिरत होतो. मोठी तेवढी अनवाणी होती.

माझी हाक ऐकून नवरा आणि सासू आले, आणि नवऱ्याने धावत जाऊन मेन स्विच पाडला. वायर पाइपाला जिथे घासत होती तिथे तिचं वरचं आवरण फाटलं होतं, ओल धरली होती, आणि थोडा थोडा करंट पाइपात, हौदात, पाण्यात उतरत होता. मोठ्या माणसाला मारेल इतका नाही. तहानलेल्या गाईला पाण्यापासून दूर ठेवील इतका. अर्थिंग असतं तर तो मातीत गेला असता, हे नंतर कळलं.

स्विच पडला तसं मोठीने कान टवकारले. एक पाऊल टाकलं, थांबली. हौदाला नाक लावलं, मागे घेतलं, परत लावलं. मग तिने पाण्यात तोंड बुडवलं आणि ती प्यायली. किती वेळ प्यायली मी सांगू शकत नाही. आम्ही चौघं अंधारत्या गोठ्यात नुसते घोट ऐकत उभे होतो. सासू हळूच म्हणाली, "बाई सांगे ना, तिले गोठामा बरं नही वाटस म्हनीसन." दादा फरशीवर बसलेलेच होते. 

भाऊबीज झाली आणि मी नवऱ्याला मोटरसायकल काढायला लावली. दादांना विचारलं नाही. जाताना आधी संकलन केंद्रावर थांबले आणि तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला, टेम्पोवाल्यासकट, मोठ्याने सांगितलं की आमच्या गोठ्यात चोरी नव्हती, करंट होता, आणि तो आमच्याच घरच्या माणसाने सोडला होता. नवरा मान खाली घालून गाडीला किक मारत राहिला. सुरू गाडीला.

धडगावच्या वर तिचं घर. अंगणात बोचकी बांधून ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी मुकादमाची गाडी येणार होती उसतोडीला न्यायला. बाईने आम्हाला खाट टाकली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. करंट, पाइप, गमबूट. तिचा नवरा ऐकत होता, ती चुलीकडे बघत होती. माझं सांगून झाल्यावर तिने एकच विचारलं.

"मोठी पानी पेस का आते?"

"पेस," मी म्हटलं. "पोटभर पेस."

ती आली. माझ्यामुळे आली नाही, दादांमुळे तर नाहीच. मुलीच्या शाळेसाठी आली असेल, मोठीसाठी आली असेल. मी विचारलं नाही. दादा फाटकापाशी उभे होते. त्यांना बोलायचं होतं, पण सत्तर वर्षं जो शब्द तोंडात बसला नाही तो एका दिवसात कुठून येणार? त्यांनी करदोड्याची दुधाच्या खोलीची किल्ली सोडली आणि तिच्यापुढे धरली. घरात सासूलासुद्धा कधी न मिळालेली किल्ली. बाईने हात पुढे केला नाही. "तुमनाजोगेच ऱ्हाऊ द्या, शेठ," म्हणाली, आणि बोचकं खोलीत ठेवायला गेली.

वायरमनला परत बोलावलं. त्याने खड्डा घेतला, तांब्याची पट्टी पुरली, कोळसा टाकला, मीठ टाकलं. दादा शेजारी उभे राहून बघत होते. वायरमन जाताना म्हणाला, खड्डा कोरडा पडू देऊ नका, रोज पाणी घालत जा. ते काम दादांनी घेतलं.

मोठी आता बरी आहे, पुन्हा गाभण आहे. बाई मशीन लावते, शेवटची धार हाताने काढते. पण वाट्याचं दूध ती घेत नाही. पहिल्या दिवशी दादा कॅन उचलून उभे राहिले, तर तिने डबा मागे घेतला. मी म्हटलं, अगं, रिवाज आहे, गाय आटेल. ती म्हणाली, आटत नाही. तिच्या खोलीत काळा चहा होतो. मुलगीही तोच पिते.

आणि रोज सकाळी धार आटोपली की ती खोलीकडे जाण्याआधी आमच्या ओट्यापाशी थांबते. कडीच्या त्या छोट्या डब्याचं झाकण काढते, डबा उपडा करते, दोनदा झटकते. रिकामा आहे हे आम्हाला दिसेपर्यंत धरते, मग झाकण लावून जाते. मी तिला किती वेळा म्हटलं, बाई, आता कशाला हे? ती रागावत नाही. "ऱ्हाऊ द्या, भाभी. देखेल बरं ऱ्हास," एवढंच म्हणते, पाहिलेलं बरं.

दादा त्या वेळी ओट्यावर नसतात. बादली भरून ते गोठ्यामागे जातात आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओततात. तिथून ओटा दिसत नाही. पावसाळ्यात खड्डा आधीच भरलेला असतो, तरी ओततात.